टाचेचा मुहूर्त

औरंगाबाद, सोमवार सकाळ

ती. आप्पासाहेबमामांस,

तुमच्या भाचीचा नवरा व्यंकटराव याचा दवाखान्याच्या बाकावरून नमस्कार. तुमची कंबर, मामींचा दमा आणि विहिरीचं पाणी, तिन्ही बरी असावीत. (तिसऱ्याची आशा नाही.) फोनवर तुम्ही फक्त बोलता, ऐकत नाही (दोष कानांचा, स्वभावाचा म्हणत नाही), आणि तुमच्या शेजाऱ्याकडे निरोप द्यावा तर तो सोयगावभर होतो, म्हणून तिकडेच निघालेल्या कडुबाच्या जीपनं पत्र पाठवतोय.

आमच्या वसाहतीत घरं आली, रस्ते आले, नळ अजून यायचाय. टँकर आला की सगळे टिपाडं घेऊन पळतात. त्या धांदलीत दमयंतीच्या टाचेत टिपाडाचा फाटका पत्रा घुसला. पाणी मात्र सांडू दिलं नाही, हे ती अजून अभिमानानं सांगते. त्यात तिला साखरेचा आजार. हळद भरून घरीच राहिली, आणि टाच काळी पडली.

आमची लेक स्वरदा कॉलेजात जंतूंचंच शिकते. तिनं सांगितलेलं ऐकून मला घाम फुटला. जंतू म्हणे आपसांत बोलतात! प्रत्येकजण रसायनाचा बारीक निरोप सोडतो. निरोप दाट झाले की आपण पुरेसे जमलो हे सगळ्यांना कळतं. तोवर गरीब गाय, मग एकदम हल्ला. वर चिकट थर बांधून आत बसतात, औषध पोचत नाही. (आमच्या वसाहतीच्या सभेला आजवर कोरम भरला नाही, यांचा टाचेत भरला.) त्यांचं बोलणं तोडणारं औषध शोधताहेत, पण ते अजून प्रयोगशाळेतच. तोवर थर खरवडायचा, सडलेलं कापायचं, मग गोळ्या लागू पडतात. डॉक्टर म्हणतात, आज केलं तर टाचेचं मांस जाईल, थांबलात तर पाऊल.

आणि तुमची भाची म्हणते, "अमावास्या उलटू दे. मामांनी गुरुवार सांगितलाय, तोवर पायाला कुणी हात लावायचा नाही." ऑपरेशनच्या कागदावर सही करत नाही. मी रागावलो, विनवलं. तिनं मला चहा प्यायला पिटाळलं. तिचा ताप चढतोय, मामा.

बाकी क्षेम. मामींना नमस्कार.

आपला,
व्यंकटराव

ता.क. : वाचताक्षणी तिला फोन लावा आणि सांगा की गुरुवार चुकून निघाला, आजची संध्याकाळच उत्तम आहे. बोलायचं तुम्हीच आहे, ऐकायचं काही नाही.

ता.क. दुसरा : तुमच्या पंचांगाला मी जन्मभर हसलो, आणि आज त्याच्याच नावानं तुम्हाला खोटं बोलायला सांगतोय. जमणार नसेल तर तिला खरं तेच सांगा, की व्यंकटराव घाबरलाय. लग्नापासून तिनं मला घाबरलेलं पाहिलेलं नाही. एवढं कानावर पडलं की मुहूर्त न बघता ती स्वतःहून स्ट्रेचरवर चढेल.