खाली केलेले कंप्यूटर

खंडेराव गेट, झाशी

तीर्थरूप आबाकाकांच्या पायांना प्रमोदिनीचा नमस्कार, आणि दुखऱ्या गुडघ्यांना जरा हळूच नमस्कार. साताऱ्याच्या त्या तिसऱ्या मजल्यावरून उतरणं जमतं, की अजून भाजीवाल्याला दोरीनं टोपली सोडता? इकडे सगळे मजेत. माझी नोकरीसुद्धा शाबूत आहे, आणि हे मुद्दाम का लिहिते ते पुढे येतंच आहे.

आमच्या बिजौलीच्या कारखान्यातले जुने कंप्यूटर काढायचे होते. ओरछा गेटचा कबाडी न्यायला एका पायावर तयार होता, पण तो वायरी जाळून तांबं काढतो आणि उरलेलं नाल्यात लोटतो, म्हणून मीच साहेबांशी भांडून सरकारमान्य ई-कचरावाल्यांचा टेम्पो बोलावला. (भांडले म्हणजे जबाबदारी माझ्याच गळ्यात, हे ओघानं आलंच.) आतली माहिती आधी पुसायला हवी होती. साऱ्या कामगारांचे आधार नंबर, बँकेची खाती त्यात. ती भलत्याच्या हाती लागली असती तर त्यांचे कष्टाचे पैसे उडाले असते आणि मी घरी बसले असते.

त्यासाठी आमच्या कंप्यूटर दुरुस्तीवाल्या नीरजभैयांनी एक पेनड्राइव्ह दिला होता. लावला की यंत्र आपोआप साफ. तो मी आमच्या नव्या स्टोअरकीपरच्या हाती ठेवला. हे रघुनाथराव तुमच्याच साताऱ्याकडचे. मुलगा फौजेत, इथल्या बबिन्याच्या छावणीत, म्हणून नुकतेच इकडे आलेले. मराठी माणूस भेटल्याच्या आनंदात मी मराठीत सांगितलं, "टेम्पो यायच्या आत सगळे कंप्यूटर खाली करून ठेवा." दुपारी ते घामाघूम होऊन आले. "केले खाली, ताई. एकूणएक." (बटण दाबायला एवढा घाम? म्हटलं, वय झालं.) मी छाती पुढे काढून साहेबांना सांगून आले, सब साफ! परत येते तो रघुनाथराव पेनड्राइव्ह घेऊन उभे. वरचं टोपणसुद्धा काढलेलं नव्हतं. "याची काय गरजच पडली नाही बघा," म्हणाले.

काका, घोळ तेव्हा कळला! आम्हा झाशीकरांचं खाली म्हणजे रिकामं. त्या भल्या माणसानं दोन जिने उतरून सगळी यंत्रं तळमजल्यावर आणून मांडली होती. मी अनवाणी फाटकाकडे धावले. आणि देव पावला हो! टेम्पो उभा, यंत्रं ओट्यावर जशीच्या तशी. ड्रायव्हर म्हणाला होता, "बाबूजी, गाड़ी खाली है." त्यावर रघुनाथराव म्हणाले, "हाँ, दिखती है. ऊपर कैसे होगी?" आणि दोघंही एकमेकांना खुळा समजून माल न चढवता बसून होते. मी तिथेच एका मॉनिटरला मिठी मारून रडले. मग एकेक यंत्र पुसलं आणि मगच टेम्पोत चढवू दिलं. आज किती हलकं वाटतंय म्हणून सांगू!

तुमची,
प्रमोदिनी

ता. क. "तुझं मराठी एक दिवस तुला बुडवील," असं तुम्ही म्हणायचात. गटांगळी दिली खरी, पण वर काढलं तेही त्याच शब्दानं.

पुन्हा ता. क. खरं काम राहिलंच. आमच्या ईशाला मराठी कळतं, पण उत्तर येतं हिंदीत. दर रविवारी फोन करून तिच्याशी मराठीत बोलाल का? ती तयार आहे. काल तर चक्क मराठीत विचारत होती, "आजोबा खाली कधी असतात?" मी म्हटलं, गुडघे दुखायला लागल्यापासून कधीच नाही.