मेंढ्यांना पाणी कोण पाजणार?

चार्लव्हिल, क्वीन्सलँड

प्रिय डर्मट,

तू जाताना दिलेली ती कादंबरी परवा पुन्हा काढली. मेंढ्या पाळणारा नायक ऐन दुष्काळात घोड्यावर बसून कायमचा निघून जातो आणि नायिका फाटकाशी उभी राहते, त्या पानावर तरुणपणी मी दरवेळी रडायचे. तू गेल्यावर तर जास्तच.

या वेळी ते पान नॉरिसला मोठ्यानं वाचून दाखवलं. माझा नवरा एरवी पुस्तकाच्या वाटेला जात नाही. बूट पुसता पुसता मध्येच म्हणाला, "दुष्काळ चालू आहे ना? मग हा बाबा निघाला कुठं? मेंढ्यांना पाणी कोण पाजणार?"

"अरे, त्याचं मन मोडलंय!"

"मोडू दे की. मेंढ्यांनी काय घोडं मारलंय त्याचं?"

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. डर्मट, तूही दुष्काळातच गेलास, आमचं तळं आटलं होतं तेव्हा. रोज पाण्याचा टँकर घेऊन यायचा तो शेजारचा नॉरिस. आणि मला इतकी वर्षं वाटत राहिलं, आपल्या वाट्याला कादंबरी आलीच नाही.

सुटले बाई एकदाची! हे पत्र धाडणार नाही. नॉरिसनं चहा टाकलाय आणि पुढचं वाच म्हणून मागे लागलाय. मेंढ्या जगल्या का, ते त्याला ऐकायचंय.

नॉरिसची,
बेरिल