पाव सत्तर, माणसं एक्केचाळीस

अस्वान, सोमवार

प्रिय बाबा,

तुमच्या पिठाळलेल्या हातांना माझा मुका.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. आईचा खोकला कसा आहे? ती चर्चला जाऊ लागली का?

एक विचारायचं आहे. बिशपांच्या कचेरीतून कागद आलाय, रविवारी किती माणसं येतात? साठांहून कमी असतील तर आमचं चर्च बंद करून दुसऱ्यात मिळवणार. आमचे धर्मगुरू अबूना सरापामोन म्हणाले, "मुली, तूच मोज." प्रार्थनेनंतर दारात प्रसादाचे छोटे पाव वाटतात, ते मी मोजले. सत्तर भरले. आनंदाने लिहून टाकले.

मग उम्म गिर्गिस आजी शालीखाली चार पाव लपवून निघालेल्या दिसल्या.

"आजी, तुम्ही तर एकट्याच!"

"अगं शहाणे, एक माझा, दोन अंथरुणावरच्या जावांचे, चौथा शेजारच्या हाजी रिदवानचा. नाही नेला तर रुसून बसतो म्हातारा."

पुढच्या रविवारी डोकी मोजली. एक्केचाळीस! अबूनांना सांगितलं, तर ते हसले आणि कागद परत माझ्याच हातात दिला.

जे आहे तेवढंच सांगावं, असं तुम्ही शिकवलंत. पण बाबा, आहे ते किती? खोटं लिहायचं नाही, आणि एक्केचाळीस लिहिलं तरी खोटंच वाटतंय. पुढच्या आठवड्यात गुरुवारी कागद द्यायचा आहे. दोन्ही आकडे पेन्सिलीने लिहून ठेवलेत.

आईचा पाव तुम्ही खिशातून घरी नेत असाल ना? मग तिला आलेल्यांत धरता की न आलेल्यांत?

तुमच्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
दमियाना