अर्धा कापलेला बोल्ट

मामा,

नमस्कार लिहीत नाही. तू समोर असतास तर आज तुझ्याशी कडाकडा भांडलो असतो, आणि भांडायच्या आधी कुणी वाकून पाया पडतं का? तुला जाऊन सहा महिने झाले. सहा महिने मी स्वतःवर चिडलेलो होतो. काल दुपारपासून तुझ्यावर चिडलोय. ऐकायला तू नाहीस, म्हणून मामीकडून वहीचा कागद मागून घेतला आणि लिहायला बसलो. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आहे. सहावीतून मी पळालो की तू मला गाडीच्या कामासाठी काढून आणलंस, यावर आपलं कधीच एकमत झालं नाही. पण ते राहू दे.

काल गाडीच्या विंचमधला, वायर गुंडाळून ओझं ओढणाऱ्या त्या रहाटातला, बोल्ट काढला. तू शेवटच्या दिवशी घातलास तोच.

का काढला, तेही सांगतो. त्या कोळशाच्या कंत्राटदाराला आपली अडकलेल्या लॉऱ्या ओढायची गाडी हवी आहे. तोच, ज्याची लॉरी ओढताना तू गेलास! दारात येऊन म्हणाला, "वरचं समदं काढून टाक. क्रेन नको, विंच नको. मोकळी गाडी दे, दगड वाहीन." मामी आत जाता जाता एवढंच म्हणाली, "सोपान ठरवंल." मी ठरवणार! ज्याला पौडला जायचं की पिरंगुटला, हेसुद्धा चौकात पोहोचेपर्यंत ठरत नाही, तो मी. तरी हो म्हणालो. मला ती गाडी डोळ्यांसमोर नको होती.

तिच्यासाठी आपण किती वणवण केली, आठवतंय का तुला? ब्रह्मदेशातल्या लढाईत तू असल्याच गाडीवर होतास. चिखलात रुतलेले ट्रक, उलटलेल्या तोफगाड्या ओढून काढायचास. लढाई संपली, तुला घरी पाठवलं, आणि लष्कराच्या लिलावात तुला तीच जात दिसली. गाडी कसली, सांगाडा! क्रेन नाही, हूक नाही, विंचचा नुसता गाभा. लोक म्हणाले, लोहाराकडून काहीतरी करून घे. तू म्हणालास, "जे जितं होतं, तेच तितं बसंल."

मग आपण भंगारवाले पालथे घातले. क्रेनचा एक हात उरवड्यात सापडला. कुणीतरी तो गोठ्याला आढं म्हणून घातला होता आणि त्याला म्हशीची दावी बांधली होती. तू आधी सागाचं लाकूड नेऊन त्याचा गोठा नीट करून दिलास, मग हात उतरवलास. मोठी लोखंडी कप्पी नेऱ्यात एका विहिरीवर होती. ती म्हातारी काय म्हणाली होती? "मिलिटरीची असंल न्हाई तर देवाची, माजं पाणी कशानं काढू?" तू दुसरी कप्पी बसवून दिलीस, वर चार घागरी शेंदून दाखवल्यास, तेव्हा तिनं सोडली. मी तेवढ्यात तिच्या नातवाबरोबर चिंचा पाडत होतो. तू ओरडला नाहीस. तू कधी ओरडायचास ते फक्त गाडीला चुकीचा नट लावला तर.

आणि त्या पिना! बोटाएवढ्या, मऊ लोखंडाच्या. विंच फिरवणारा दांडा आणि विंच यांच्यामध्ये एक पिन. ताण फार झाला की ती तुटणार, विंच थांबणार, वायर वाचणार. पहिल्यांदा तुटली तेव्हा मी शिव्या दिल्या. कोळवणची भाताची गाडी ओढ्यातून निम्मी वर आली होती आणि खाडकन् सगळं थांबलं. चार माणसं हसली. एक म्हणाला, "मिस्त्री, तुमची गाडी लाजाळूवानी हाय, हात लावला की मिटतीय!" मी रागानं म्हणालो, मामा, एक चांगला टणक बोल्ट घाल ना. तू पिनेचे दोन तुकडे माझ्या हातावर ठेवलेस.

"तुटली म्हंजी काम केलं तिनं," तू म्हणालास. "ही तुटायसाठीच हाय. हिच्या जागी टणक घातलास, तर तुटणारं दुसरं काय तरी असंल. न्हाई तर कुणी तरी."

हे तू म्हणालास! तू! मग?

मला माहीत आहे तू काय म्हणशील. पिना संपल्या होत्या आणि आणायला मला धाडलं होतंस. कबूल. खडकीच्या भंगारवाल्याकडून मूळच्या चार पिना पहिल्याच दिवशी दुपारी मिळाल्या. संध्याकाळच्या आत घरी आलो असतो. वाटेत एकानं सांगितलं, नेऱ्याला कुस्त्या आहेत. वाट वाकडी केली. तिथं एक पैलवान भेटला, तो म्हणाला माझ्याबरोबर देहूपर्यंत चल. गेलो. तिसऱ्या दिवशी घरी पोहोचलो. पिना मेणकापडात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात होत्या. अंगणात माणसं बसली होती आणि कुणी माझ्याकडं बघत नव्हतं.

मला का पाठवलंस? तुला ठाऊक होतं मी कसा आहे! वाटेत माकडवाला दिसला तरी मी थांबतो. शेजारच्या कुणाला पाठवता आलं नसतं? तू म्हणालास, "सोपान आणंल, त्याला पिन कळती." कळती ना, मामा. वेळ कळत नाही मला.

सहा महिने मी हेच घोकत होतो. तीन दिवस. माझे तीन दिवस.

आणि काल तो बोल्ट काढला. निघेना. जरा वाकला होता, आतच अडकून बसला होता. घण मारून मारून बाहेर काढला, ग्रीस पुसलं, आणि बघतच राहिलो. त्याच्या मधोमध करवतीचा काप आहे. निम्म्यापर्यंत. आणि काप कुठवर न्यायचा, त्याची तू टोच्यानं ओढलेली बारीक रेघ. काप त्या रेघेपर्यंत पोहोचलेलाच नाही. तांदळाचा एक दाणा मावेल एवढं अंतर राहिलंय.

म्हणजे तू विसरला नव्हतास. तू टणक बोल्टच मऊ करत होतास, वेळेला तुटावा म्हणून. सगळं कळत होतं तुला. मग थांबलास का?

बोल्ट तसाच मामीपुढं नेला. ती भाकरी थापत होती. तिनं हात धुतले, बोल्ट उजेडात धरला आणि मग पहिल्यांदा त्या दुपारचं सांगितलं. लॉरी घरापुढच्या चढावर अडकलेली, मागं दोन गाड्या खोळंबलेल्या. तू दारात बसून करवत चालवत होतास. कंत्राटदार जीपमधून भोंगा वाजवत होता. मग उतरून आला आणि म्हणाला, "मिस्त्री, बोल्टाचं लगीन लावताय व्हय? हळद लावून झाली का?"

माणसं हसली. तूही हसलास, मामी म्हणाली. कीस फुंकलास, बोल्ट खिशात टाकलास आणि उठलास.

हसलास!

लढाईत तुझ्यावर गोळ्या झाडल्या, तेव्हा नाही उठलास घाईनं. नेऱ्याच्या म्हातारीसाठी अर्धा दिवस कप्पी बसवत बसलास. आणि एका माणसाच्या फालतू चेष्टेला उठलास? पाच मिनिटं लागली असती. पाचच. त्याला सांगायचंस, भोंगा फोड, शिव्या दे, लॉरी जाळ, मी रेघेपर्यंत कापल्याशिवाय उठत नाही. तोंड नव्हतं का तुला? मला शिकवताना तर लई होतं!

मी असतो तर विंचच्या लिव्हरवर मी असतो. त्या दिवशी तिथं कंत्राटदाराचा ड्रायव्हर होता. तो म्हणतो, मिस्त्री वायरीजवळ उभे होते, हातानं 'अजून, अजून' करत होते. बोल्ट तुटला नाही. वायर तुटली आणि मागं आली. तुझी जागा वायरीपासून लांब, चाकाच्या मागं, हेही तूच मला दहादा सांगितलेलंस.

काल रात्रभर ठरवायचा प्रयत्न केला की यात माझं किती आणि तुझं किती. जमत नाही. माझे तीन दिवस मी कुणाला देत नाही, ते माझेच. पण तुझी पाच मिनिटं मी माझ्या डोक्यावर घेणार नाही, मामा. ती तुझी. मी ती तुला परत करतोय, म्हणून हा कागद.

आज सकाळी कंत्राटदार आला. मी म्हणालो, गाडी विकायची न्हाई.

"मग काय पूजा घालणार तिची?"

मी बोल्ट त्याच्या हातात दिला. काप दाखवला, रेघ दाखवली. म्हणालो, "ह्यो वळखता का? तुमी ज्याचं लगीन लावत होतात, तोच ह्यो." बराच वेळ त्यानं तो हातात फिरवला. बोल्ट बोनेटवर ठेवला आणि पायीच गेला. जीप न्यायला नंतर ड्रायव्हर आला. मला वाटलं होतं, हे बघून मला बरं वाटेल. नाही वाटलं.

दुपारी मी मेणकापड सोडलं. सहा महिन्यांत पिनांना गंजाचा ठिपकासुद्धा नाही. एक बसवली. हातानं नुसती सरकून बसली, जशी तू म्हणायचास तशी, घण लागला नाही. उरलेल्या तीन सीटखालच्या डब्यात ठेवल्या. नवी वायर आणायला उद्या खडकीला जातोय, आणि मामीला सांगून जातोय की संध्याकाळी परत येईन. तिनं विचारलं, "कुठल्या संध्याकाळी?" मी म्हणालो, उद्याच्या.

एवढं वचन देतो. वाटेत कुस्त्या असोत नाही तर सर्कस असो, उद्याची संध्याकाळ म्हणजे उद्याचीच. आणि या चढावर जी कुणाची लॉरी अडकेल, ती मी ओढीन, त्याचीसुद्धा. पिन तुटेल. लोक हसतील, भोंगे वाजवतील, लाजाळू म्हणतील. त्यांना हसू देईन. खाली उतरेन, तुकडे काढेन, डब्यातली दुसरी पिन घेईन आणि ती बसेपर्यंत कुणासाठीही उठणार नाही.

तुझ्यावर अजून चिडलेला,
तुझा भाचा
सोपान