विंगेत गोखलेबाई

१८ ऑगस्ट
गणपतीच्या नाटकात मुख्य भूमिका मला! सुभद्रा, मुलाला घराबाहेर काढणारी आई. टाउनशिपमध्ये अकरा वर्षं झाली, दरवर्षी मी मोलकरीण नाहीतर शेजारीण. मंडळात नवऱ्याचा हुद्दा बघून भूमिका वाटतात, हे सगळ्यांना ठाऊक, बोलत कोणी नाही. मग यंदा टेक्निशियनच्या बायकोवर मेहेरबानी कशी? दिग्दर्शक अण्णा म्हणाले, "तुम्हाला जमेल म्हणून." एवढंच. काहीतरी असणार.

२१ ऑगस्ट
समजलं. गोखलेबाई. ह्यांच्या नव्या साहेबांची बायको, पुण्याची. तिकडे नाटकं केलीत म्हणे. तालमीला आल्या, खुर्ची पुढे ओढून बसल्या. मी बोलत होते आणि ओठ त्यांचे हलत होते. माझे संवाद पाठ! म्हणजे मी नावापुरती, ऐनवेळी भूमिका त्यांची.
घरी ह्यांना सांगितलं. "तुला तर सगळ्यांचाच संशय येतो." साहेबांची बायको ना, हे कशाला बोलतील.

२५ ऑगस्ट
गोखलेबाई प्रॉम्प्टिंग करणार. स्वतःहून मागून घेतलं. साहेबांची बायको वही धरून विंगेत उभी, असं कधी झालंय? मी आजारी पडायचीच खोटी, की आल्याच स्टेजवर. उद्यापासून दही बंद.

२८ ऑगस्ट
पण मजा काय येते! लिहायलाही लाज वाटते. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या सोडून सुभद्रेशी बोलत बसते. आज दुसऱ्या अंकात मुलाला "जा" म्हटलं तो आवाज माझा मलाच ओळखू येईना. अण्णांनी फक्त पुन्हा करायला लावलं. चारदा केलं, चारदा वेगळं आलं.
आता हे कोणी काढून घेतलं तर मला सहन व्हायचं नाही.

२ सप्टेंबर
गोखलेबाईंनी आल्याच्या वड्या आणल्या. "खा हो, आवाज सांभाळा." सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? एक खाल्ली. घरी येईपर्यंत घसा खवखवतोय असंच वाटत राहिलं. झालं काहीच नाही.

६ सप्टेंबर
प्रयोग झाला.
दुसरा अंक. मुलगा पेटी घेऊन दारात. माझं वाक्य... पार कोरं. विंगेकडे बघितलं. गोखलेबाई समोरच, वही हातात, माझ्याकडे बघतायत. आणि गप्प! ओठसुद्धा हलले नाहीत. एरवी हलतात ते.
किती वेळ गेला कोण जाणे. मग मी मुलाच्या हातातली पेटी धरली, सोडली, आणि "जा" आपोआप आलं. नंतर टाळ्या, थांबेचनात.
पण त्या गप्प का राहिल्या?

७ सप्टेंबर
सकाळी गोखलेबाई आमच्या दारात. आमच्या क्वार्टरला साहेबांकडचं माणूस पहिल्यांदाच. डोळे सुजलेले.
"माफ करा हो. तुम्ही थांबलात, मी बघतच राहिले. वही हातात आहे हेच विसरले."
चहा केला. त्यांचा चेहरा निरखत होते. मुरलेली नटी, रडू आणणं काय कठीण!
जाताना म्हणाल्या, "अण्णा नागपूरला प्रयोग न्यायचा म्हणतायत. प्रॉम्प्टिंगला मीच राहू ना?"
खोटं बोलत असतील तर नागपूरलाही माझी मान त्यांच्या हातात. खरं असेल तर माझं एवढं कौतुक आजवर कोणी केलेलं नाही.
म्हटलं, "तुम्हीच राहा." दार लावलं आणि मलाच रडू आलं.