फळीवरच्या वस्तू माझ्या नाहीत

देवाला स्मरून लिहितो. मी सुतार, वय एकोणपन्नास, गावच्या शाळेत अक्षर गिरवलेला, आज पूर्ण शुद्धीवर आहे. ही शुद्ध मला एकोणीस वर्षांपूर्वी परत मिळाली, म्हणून तिचा उल्लेख आधी. गुरुवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. कुणाच्या धाकाने वा आग्रहाने नव्हे, तर मागे घोळ राहू नये म्हणून हे मृत्युपत्र करीत आहे.

१. राहते घर, सामान व बँकेतील शिल्लक पत्नीला. माझ्या दारूच्या दिवसांत हे घर तिनेच शिवणकाम करून टिकवले, तेव्हा तिचेच तिला देत आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीची फट मी वर्षानुवर्षे "उद्या बुजवतो" म्हणत आलो. काल बुजवली.

२. वाकस, पटाशा, करवती व सर्व रंधे मुलीला. तिच्या हाताला माझ्यापेक्षा सफाई आहे. पाते मात्र उतावीळपणे घासते, तेवढे सांभाळावे.

३. कामाच्या खोलीतील भिंतीवरची फळी. तिच्यावरील वस्तू माझ्या नाहीत. कोणत्याही वारसाने त्यांवर हक्क सांगू नये. याचे कारण लिहिणे भाग आहे.

दवाखान्याच्या व्यसनमुक्ती विभागात मी औषध देत नाही, सोबत करतो. या वाटेने आधी गेलेला माणूस म्हणून नव्याच्या शेजारी बसतो. हे मला न्हावीकाकांनी शिकवले. तेही एकेकाळचे पिणारेच. मी दारू सोडायला निघालो, तेव्हा त्यांनी विचारले, "दारूसाठी आता पहिलं काय विकशील?"

"मोठा रंधा."

"मग तो माझ्या दुकानातल्या फळीवर ठेव. रोज येऊन बघून जा. हवा तेव्हा देईन. फक्त तोंडाने मागायचा."

मी रोज जात असे. दुकानात साबणाचा आणि ओल्या टॉवेलचा वास दरवळत असे, काका आरशातूनच माझ्याशी बोलत. रंधा बघायला दोन मिनिटे पुरत, चहाला तास लागे. मी बरा झालो तो त्या तासांत, हे फार उशिरा कळले.

काका गेल्यावर ती फळी मी उतरवून आणली. तिच्यावर आज तीन वस्तू आहेत. ट्रकवाल्याची लग्नातली अंगठी. माळीणबाईंची छाटणीची कात्री. ती विकली जाईल म्हणून नव्हे, मन फार काळवंडले तेव्हा हाताशी नको म्हणून त्यांनी आणून दिली. आता दर रविवारी येतात, तिला तेल लावतात आणि तशीच ठेवून जातात.

तिसरी वस्तू किल्ली द्यायचे मनगटी घड्याळ, धाकट्या भावाचे. वडिलांनी मला हत्यारे दिली, त्याला घड्याळ. लहानपणी आम्ही दोघे एकाआड एक दिवस किल्ली देत असू. पाळी चुकू नये म्हणून तो अनवाणी धावत यायचा. पुढे तोही दारूत अडकला आणि आपण होऊन घड्याळ फळीवर ठेवून गेला. सहा वर्षांपूर्वी परत मागायला आला. नियमाप्रमाणे तोंडाने मागितले. मी म्हणालो, "आधी जवळ ये, वास बघू दे."

तो दारातच थांबला. "दादा, न्हावीकाकांनी कधी तुझं तोंड हुंगलं होतं का?"

नव्हते हुंगले. तरी मी घड्याळ दिले नाही, वर उपदेश केला. तो पुन्हा फिरकला नाही. तेव्हापासून दोघांच्याही पाळ्या मीच भरतो.

तो मागेल त्या क्षणी घड्याळ द्यावे. चहा विचारावा, वास घेऊ नये.

फळी माळीणबाईंनी सांभाळावी. "मला कुठलं जमतंय, सुतारदादा!" असे त्या म्हणतील. मीही काकांना हेच म्हणालो होतो.

४. "बेवड्यानं बेवड्याला काय सुधारायचं!" असे म्हणणाऱ्या विभागातील कारकुनाला माझे स्टूल द्यावे. स्टुलाचा एक पाय आखूड आहे. मुद्दाम दुरुस्त केला नाही. नवा माणूस "सुतार ना तुम्ही?" म्हणून हसतो आणि बोलणे सुरू होते. कारकुनाने त्यावर बसून पाहावे. माझा राग नाही. थोडा आहे.

साक्षीदारांविषयी: वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळणार त्याने साक्ष करू नये. भावाला मी काहीच देत नाही. घड्याळ मुळात त्याचेच. म्हणून दुसऱ्या साक्षीसाठी त्याला निरोप धाडला आहे. आज दिवे लागेपर्यंत ती जागा रिकामी ठेवावी.

ठिकाण: माझी कामाची खोली. मंगळवार, शस्त्रक्रियेच्या दोन दिवस आधी.

लिहून देणार: सुतार (सही)

साक्षीदार पहिला: शेजारचा छापखानेवाला (सही)

साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ (सही)

त्याच हाताने खाली: घड्याळ मागितलं नाही, तिथेच असू दे. आजची किल्ली मी दिली. बुधवार दादाचा, गुरुवार माझा. शुक्रवारची पाळी दादाने चुकवू नये.