मास्टरने शिवलेला मोजा

३ मार्च, दुपार
हिचा डावा पाय सुजतो. दुकानात उभं राहून इस्त्री करते, त्यात शुगर. डॉक्टरांनी दाबाचे मोजे लिहून दिले. घोट्याशी सगळ्यात घट्ट, वर सैल होत जाणारे. सर्जिकल दुकानातल्या पोरीने हिच्या पायाला टेप लावली. माझ्यादेखत! वर म्हणे, आत्ता सूज आहे, माप सकाळी उठल्या उठल्या घ्यायचं, उद्या या. बत्तीस वर्षं टेप माझ्या गळ्यात आहे. हिला उठवून घरी आणलं. मोजा मीच शिवणार.

३ मार्च, संध्याकाळ
दुकान बंद केल्यावर माप घेतलं. पाय चांगला भरला होता. माप झकास मिळालं.

६ मार्च
पोहण्याच्या कपड्यांचं गडद निळं कापड उरलं होतं. दुहेरी घेतलं. सकाळी हिने घातला, तर घसरून घोट्यात गोळा. दोष मोज्याचा नाही. सकाळी पायच बारीक होतो.

७ मार्च
चूक सापडली. डॉक्टरांची. पॅन्ट कमरेला धरते, घोट्याला नाही. गुडघ्याखाली तिपदरी इलॅस्टिक घातलं. आता हलून दाखवावं त्याने!

९ मार्च
हलत नाही. ही म्हणते, ठणकतो. नवीन कपडा चार दिवस काचतोच. अंगासरसा बसावा म्हणून झोपतानाही काढू नकोस म्हणून सांगितलं.

११ मार्च
हिने मुलीला फोन करून कंपनीचे मोजे मागवले. चोरून! फोन हातातून घेतला. बाप अजून जिवंत आहे, म्हटलं. मुलगी म्हणाली, आईची बोटं निळी झालीत म्हणे. कापडाचा रंग लागला असणार. पुढच्या वेळी कापड आधी भिजवून घ्यायचं.

१३ मार्च
जिंकलो! ठणका थांबला. ही म्हणते, पाय आहे की नाही तेच कळत नाही. एवढा आराम. दुकानावर पाटी रंगवायला टाकली: सुजेवरचे मोजे मापाने शिवून मिळतील.

१५ मार्च
इस्त्री करता करता ही कोसळली. हॉस्पिटल. नर्सने मोजा कात्रीने कापला, तोही वेडावाकडा. शिवण मात्र एक उसवली नव्हती. डॉक्टर ओरडले, हे कुणी घातलं? ही माझ्याकडे बघून म्हणाली, माझं मीच काहीतरी केलं. भली बाई. तरी माझं नाव घेतलं नाही याचं जरा वाईट वाटलं.

१८ मार्च
पाय गुडघ्याखालून काढला. बाहेरच्या बाकावर बसून रडलो. फार रडलो. शुगर वाईट. मुलगी बोलत नाही. दगदगीने असेल.

४ एप्रिल
ही घरी आली. उजव्या पायात कंपनीचा मोजा, मुलीने आणलेला. दुसरा खोक्यात पडून. उलटसुलट करून पाहिला. वरचा काठ सैल. शोरूमचा माल, दुसरं काय.

५ एप्रिल, सकाळ
रात्रभर विचार केला. हे लोक मोजे जोडीनेच विकतात. हिला लागणार एकच. म्हणजे इथे शिंपीच हवा. या वेळी माप सकाळीच घ्यायचं, चुकांतून शिकतो मी. ही उठायच्या आत टेप घेऊन कॉटपाशी गेलो. जागीच होती. हिने उरलेला पाय चादरीखाली ओढून घेतला.